दुर्गाबाईंचा चार दिवसांचा मुक्काम

कासारवाडी स्टेशनपासून पिंपरीच्या बाजारापर्यंत बायकांसाठी संडास कुठे कुठे आहेत, हे दुर्गाबाईंना तोंडपाठ होतं. कुठल्याची कडी लागत नाही, कुठल्यात दुपारनंतर पाणी नसतं, हेही. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडाच्या दुकानाची मालकीण त्यांना काही न विचारता मागच्या दाराने आत सोडायची. त्यामुळे पडद्यांचं कापड त्या कायम तिथूनच घ्यायच्या, दुसरीकडे स्वस्त मिळालं तरी.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढली होती. ऑपरेशन नीट झालं, टाके भरले, पण त्यानंतर लघवी आवरेनाशी झाली. अर्ध्या-पाऊण तासाने जावंच लागायचं, आणि खोकला आला किंवा जिना घाईने उतरला तर तेवढाही धीर निघायचा नाही. एकदा डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, त्याने तोंडाला कोरड पडली, बाकी काही फरक नाही. परत जाऊन तेच सांगायची लाज वाटली. नवऱ्याला सांगायलासुद्धा त्यांना वर्ष लागलं.

मग हळूहळू बाहेर जाणं सुटलं. सगळ्यात आधी सुटली एसटी. दुर्गाबाईंचं माहेर दापोली तालुक्यात, हर्णैच्या पलीकडे समुद्राला लागून. कोकणातलं माणूस गणपतीला गावी गेलं नाही असं सहसा होत नाही, पण दुर्गाबाई दरवर्षी काही ना काही कारण काढायच्या. कधी गुडघा, कधी मुलाची परीक्षा, कधी शिवणाचं काम. नवरा सयाजीराव आणि मुलगा समर्थ जाऊन यायचे, नारळ आणि कोकमं घेऊन यायचे, आणि दुर्गाबाई ती कोकमं बरणीत भरताना गावचं एकेक माणूस विचारून घ्यायच्या.

धाकटा भाऊ दत्ताराम पहिली काही वर्षं फोनवर आग्रह करायचा. मग त्याच्या मुलीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं. या हर्षालीला दुर्गाबाईंनी दोन वर्षं कासारवाडीत आपल्याजवळ ठेवून शिकवलं होतं. तिच्या लग्नाला जायचंच, असं ठरवून त्या वल्लभनगरच्या स्टँडवर गेल्या, बॅग वर टाकली, खिडकीजवळ बसल्या, आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत खाली उतरल्या. "तुम्ही व्हा पुढे," एवढंच त्या सयाजीरावांना म्हणाल्या आणि रिक्षाने घरी आल्या.

त्यानंतर दत्तारामने बहिणीला फोन केला नाही. मेव्हण्याला मात्र त्याने मांडवातच विचारलं होतं, "ताईला आता आमच्या घराची पायरी चढवत नाय काय?" सयाजीराव पंगतीत वाढायला वळले. कुणाला सांगायचं नाही, अशी बायकोने शपथ घातली होती.

सयाजीराव नळजोडणीचे कारागीर. आधी एका कंपनीत पंचवीस वर्षं काढली, ती बंद पडल्यावर भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे टेम्पो ट्रॅव्हलर आणि मिनीबस आतून मोकळ्या करून त्यांच्या कॅरॅव्हॅन बनवतात: झोपायला बर्थ, ओटा, टेबल, छतावर सोलर, बाजूला ओढून काढायची कनात. लोक त्या घेऊन समुद्रावर नाहीतर धरणाच्या काठी जातात आणि चार दिवस तिथेच राहतात. त्या गाड्यांमधलं पाण्याचं आणि संडासाचं सगळं काम सयाजीरावांच्या हातचं. गाद्यांची कव्हरं आणि पडदे दुर्गाबाई घरी शिवून द्यायच्या. अशा गाडीला त्या घरगाडी म्हणायच्या.

वर्कशॉपच्या मालकीणबाई मंजुषा मॅडम. पूर्वी चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर होत्या. बोलणं कमी आणि नजर तिखट. गेल्या वर्षी जानेवारीत दुर्गाबाई पडद्यांचं माप जुळवायला भोसरीला गेल्या होत्या, तेव्हा मॅडम त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"दुर्गाताई, ही गाडी नाशिकच्या एका कुटुंबाची आहे. द्यायच्या आधी चार दिवस लांब फिरवून आणायची असते. दर वेळी सयाजीभाऊ आणि ड्रायव्हर जातात. दोघं पुरुष. परत येऊन सांगतात, सगळं ओके आहे मॅडम. मग महिन्याने गिऱ्हाइकाच्या बायकोचा फोन येतो की संडासात साडी नेसून वळताच येत नाही. या खेपेला सयाजीभाऊंबरोबर तुम्ही जा."

"मी? आणि कुठे?"

"घाट हवा, खारी हवा हवी. कोकणात जा की. चार दिवस गाडीत राहा, आतलं सगळं वापरा आणि काय खटकतं ते लिहून आणा."

दुर्गाबाई म्हणाल्या, मला नाही जमायचं. टेप गुंडाळला आणि उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी पदर खोचून भांडी घासायला घेतली. सयाजीराव दारात उभे होते.

"तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?" दुर्गाबाई मागे न बघता म्हणाल्या.

"नाही. शपथ घातली होतीस, ती मोडली नाही मी."

"मग त्यांना बरं सुचलं हे."

सयाजीराव आत येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसले.

"पाच वर्षं झाली मला हे काम करून," ते म्हणाले. "बावीस गाड्यांत संडास बसवले. कोण गोव्याला गेलं, कोण गोकर्णाला. दर वेळी पाइप जोडताना मनात येतं, की माणसं कुठल्या कुठे फिरतायत माझ्या कामावर, आणि माझी बायको पिंपरी-भोसरीच्या पुढे गेलेली नाही. तुला विचारायचं धाडस होत नव्हतं. गाडी माझी थोडीच आहे. आता मालकीण स्वतः देतेय, तर नाही म्हणू नकोस गं."

दुर्गाबाईंनी नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या स्कूटरवर बसून भोसरीला गेल्या, गाडीत चढल्या, संडासाचं दार आतून लावून पाच मिनिटं तिथे बसल्या, फ्लश ओढून बघितला आणि बाहेर आल्या.

"कडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. सयाजीरावांना तेवढं पुरलं.

पहाटे सहाला निघाले. ड्रायव्हर नको, असं दुर्गाबाईंनी आधीच सांगितलं होतं. सयाजीरावांनी उमेदीच्या काळात टेम्पो चालवला होता, त्यामुळे तीही अडचण नव्हती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेले नव्हते. वाकडवरून बायपासला लागले, चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला वळले, आणि मुळशीचं पाणी दिसायच्या आत दुर्गाबाईंनी पहिल्यांदा गाडी थांबवायला सांगितली. सयाजीरावांनी सावली बघून बाजूला घेतली. त्या मागे गेल्या, परत आल्या, बसल्या. पुढे निघाले. इतकं साधं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, कंडक्टरच्या तोंडाकडे बघायचं नाही.

ताम्हिणीच्या उतारावर मात्र गडबड झाली. त्या आत असताना पाणी येईना. बटण दाबलं की पंप नुसता घुमायचा.

"अहो," त्यांनी हाक मारली, "पाणी गेलं."

सयाजीरावांनी गाडी कडेला लावली आणि ओट्याखालचं कपाट उघडलं. पाइपावरची क्लिप हादऱ्यांनी सैल होऊन निघाली होती, आणि अर्धी टाकी कपाटात सांडली होती. ते गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हर फिरवायला लागले, दुर्गाबाई फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळायला लागल्या. सयाजीरावांचे कान लाल झाले होते.

"माझ्या हातचं काम," ते म्हणाले. "आणि पहिल्याच घाटात निघालं."

"म्हणून तर मला पाठवलंय," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. इतकं, की खाली बसावं लागलं. हसताना जे व्हायचं ते थोडं झालंच. त्या उठल्या, आत गेल्या, कपडे बदलले, बाहेर येऊन वहीत लिहिलं: क्लिप दोन लावाव्यात. संडासात कपडे अडकवायला हूक हवा. उठताना धरायला डाव्या हाताला दांडा हवा.

माणगावला चहा झाला. आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड. खाडीवरचा पूल ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मघापासून सव्वा तास झाला आणि आपण गाडी थांबवलेली नाही. आत सोय आहे हे एकदा मनाला पटल्यावर धास्ती थोडी निवली होती, आणि धास्तीबरोबर कळही. त्यांनी हे सयाजीरावांना सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. बाटलीतलं पाणी मात्र अर्धी बाटली प्यायल्या.

माहेरच्या गावापासून मैलभरावर सुरूच्या बनाशेजारी एका वाडीवाल्याने तंबू लावणाऱ्यांसाठी जागा मोकळी ठेवली होती. सयाजीरावांनी त्याला आधीच फोन केला होता. नारळांच्या पलीकडे लगेच वाळू, आणि पुढे समुद्र. दोन तंबू आधीच लागलेले होते: हिंजवडीत नोकरी करणारी, मारुंजीत खोल्या घेऊन राहणारी चार पोरं-पोरी. गाडी लावून, कनात ओढून, दोन घडीच्या खुर्च्या मांडून होतात न होतात, तोच त्यांच्यातली एक मुलगी संकोचत जवळ आली. नाव स्वरूपा.

"काकू, इथलं बाथरूम फार घाण आहे. तुमच्या गाडीत आहे का हो?"

"जा ना बाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "कडी नीट लाव. चप्पल बाहेर काढलीस तरी चालेल, लादी स्वच्छ आहे."

ती मुलगी आत गेल्यावर त्या उगाचच कनातीचा दोर ताणत उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, आणि सयाजीराव बघत होते.

संध्याकाळी त्यांनी स्वतः दत्तारामला फोन लावला.

"दत्ता, मी आलेय. समुद्रावर."

"कुठल्या समुद्रावर?"

"आपल्या."

अर्ध्या तासात मोटारसायकल आली. दत्ताराम, मागे वहिनी. भाऊ पिकला होता, पोट सुटलं होतं. तो खुर्चीवर बसला, पण टेकला नाही.

"घर सोडून हितं सुरूत मुक्काम? लोक काय म्हणतील?"

दुर्गाबाईंनी चहा गाळला, कप हातात दिले. सयाजीराव उठून टायर बघायला गेले. मग दुर्गाबाई समोर बसल्या आणि पिशवी काढल्यापासूनचं सगळं सांगितलं. एसटीतून उतरल्याचंही. सांगताना त्या वहिनीकडेच बघत होत्या, भावाकडे बघवत नव्हतं.

वहिनीने कप खाली ठेवला. "एवढंच होय गो? बोलायचं नाय काय? आमच्या वाडीत निम्म्या बायका ह्यातल्याच हायत. मी सोता पंपावर पाणी उपसताना पदर पुढं घेते. दापोलीला एक डॉक्टरीण येते, ती व्यायाम शिकवते. मला लय फरक पडला."

दत्ताराम वाळूकडे बघत होता. "घरात संडास बांधून सहा वर्सं झाली," तो म्हणाला. "पडवीच्या आत. टाइल लावलेला. तू आलीस नाय, म्हणून तुला ठाव नाय." मग त्याने तोंड बहिणीकडे वळवलं. "मी काय काय बोललो तुला मागनं."

"माझ्या कानावर काही आलं नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. आलं होतं, पण आता त्याचं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली आली. सासर जवळच, आंजर्ल्याला. कडेवर तीन वर्षांची मुलगी आणि काखेत लग्नाचा अल्बम. गाडीतल्या टेबलाशी बसून तिने आत्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळा अल्बम दाखवला. हळदीला कोण आलं, कोण रुसलं, वरातीत कोणाची चप्पल हरवली. मध्ये दोनदा दुर्गाबाई उठून आत जाऊन आल्या. हर्षाली दर वेळी पान तसंच धरून थांबली, आणि त्या आल्यावर जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू झाली. छोटीला बर्थवर उड्या मारायला दिल्या होत्या. दुपारी दत्तारामच्या घरी जेवण झालं. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. टाइलचा संडास सगळ्यांनी मिळून दुर्गाबाईंना दाखवला.

तिसऱ्या दिवशी कुठेही गेले नाहीत. ओहोटीला वहिनीबरोबर ओल्या वाळूत पाय रोवून तिसऱ्या वेचल्या, दुपारी कनातीखाली डुलकी काढली, संध्याकाळी सयाजीरावांनी स्वतः पिठलं केलं. ते खारट झालं. सूर्य बुडेपर्यंत दोघं वाळूत बसून होते. सयाजीराव म्हणाले, "आणखी काय लिहिलंस वहीत?" दुर्गाबाईंनी वाचून दाखवलं. पायरी चार बोटं खाली हवी. संडासाच्या खिडकीला आतून पडदा नाही, काच आहे, तिथे पडदा हवा. मगाला जागा हवी. अशा अकरा गोष्टी निघाल्या.

"बावीस गाड्या केल्या मी," सयाजीराव म्हणाले.

"त्या बायकांना सांगायची लाज वाटली असेल," दुर्गाबाई म्हणाल्या.

परत आल्यावर त्या वही घेऊन मंजुषा मॅडमकडे गेल्या. मॅडमनी अकराही गोष्टी वाचल्या, दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि गाडी परत आत घेऊन सगळं बदलायला सांगितलं. मग दुर्गाबाईंनी मनातलं विचारलं.

"मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही इथे आलात की आधी संडास कुठे आहे ते बघता, आणि मग दाराजवळची खुर्ची घेता," मॅडम म्हणाल्या. "माझी आई तसंच करायची. आता तर ती घराबाहेरच पडत नाही. आमच्या लक्षात यायला फार वर्षं गेली. तिला काही विचारलं की म्हणते, मला काय बाई, मी बरी आहे."

पुढच्या आठवड्यात, वहिनीने फोनवर तीनदा बजावल्यामुळे, त्या पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या ओपीडीला गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. रोज सकाळ-संध्याकाळ, गादीवर पडून. चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. पूर्ण बरं होणार नाही असं सांगितलंय, पण दीड-दोन तास निभतात. एवढं तर दुर्गाबाईंनी मागितलंही नव्हतं.

आता वर्कशॉपमधली प्रत्येक नवी गाडी आधी दुर्गाबाई वापरून बघतात. त्याबद्दल त्यांना वेगळे पैसे मिळतात, आणि वर्कशॉपमधली पोरं त्या डाव्या बाजूच्या दांड्याला मावशी म्हणतात. "मावशी लावली का?" असं एकमेकांना विचारतात. पण गेल्या डिसेंबरात नवी गाडी निघायच्या वेळी दुर्गाबाई मॅडमना म्हणाल्या, "या खेपेला लांब नको. आणि तुमच्या आईंना माझ्याबरोबर द्या."

मॅडमच्या आई अंबूबाई. वय शहात्तर. माहेर आणि सासर दोन्ही चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठचं. आता लेकीकडे चिंचवडला चौथ्या मजल्यावर राहतात. त्या आधी नको म्हणाल्या. दुर्गाबाई त्यांच्या पलंगावर जाऊन बसल्या, दार लावून घेतलं, आणि अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या तेव्हा अंबूबाईंनी स्वेटर घातला होता.

भामा आसखेड धरणाच्या पाण्याकाठी एका शेतकऱ्याच्या बांधाला गाडी लावली. समोर पाणी, पलीकडे डोंगर, बाजूला हरभरा. सयाजीरावांनी कनात ओढली. अंबूबाईंना वाटेत चारदा गाडी थांबवावी लागली होती, आणि चौथ्या वेळी त्यांनी "थांबवा" असं मोकळ्या आवाजात सांगितलं होतं. आता त्या खुर्चीत पाय सोडून बसल्या होत्या. शेतकऱ्याने हिरवा हरभरा आणून दिला. त्या घाटे सोलून एक स्वतः खात होत्या, एक दुर्गाबाईंच्या हातावर ठेवत होत्या.

"तिकडं आमची वाट व्हती," त्या पाण्याकडे बोट करून म्हणाल्या. "बाजारला जायची. आता पाण्याखाली हाय. मी लगीन करून आले ती त्याच वाटंनं."

"बघायला यावंसं वाटलं नाही कधी?"

"वाटायचं की. पर कुनाला सांगायचं, मला दर घडीला जायाला लागतं म्हनून. लेक कामाची मानूस." त्यांनी आणखी एक घाटा सोलला. "बरं झालं आनलंस."

दुर्गाबाईंनी ते दाणे तोंडात टाकले. कोवळे होते, गोड. सयाजीराव गाडीच्या मागे टाकीची पातळी बघत होते, त्यांच्यासाठीही त्यांनी मूठभर बाजूला काढून ठेवले. अंबूबाईंना डोंगरापलीकडच्या सगळ्या गावांची नावं येत होती, आणि त्या एकेक सांगत होत्या.